दुकानाची वेबसाइट एका पेजमध्ये कोंबू नका आणि चाळीस पेजेसमध्ये फाडू पण नका

सोलापुरात मामांचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, चाटी गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. मी कॉलेजला असताना मामा म्हणले, "तू ते कॉम्प्युटरचं शिकतोयस ना, मग आपल्या दुकानाची एक वेबसाइट करून दे की." मी लगेच केली, दोन रात्रीत. एकच लांबलचक पेज. वर दुकानाचा फोटो, खाली चादरी, त्याच्या खाली टॉवेल, नॅपकिन, पंचे, मग दुकानाचा इतिहास, मग आजोबांचा हार घातलेला फोटो आणि सगळ्यात खाली फोन नंबर. दिसायला झकास होती, मोबाइलवर बोटानं नुसतं सरकवत राहायचं. मामा खूश, मी खूश. दुकानाचं नाव टाकलं की गुगलवर साइट यायची, पण दुकानाचं नाव ज्याला माहीत आहे तो सरळ दुकानातच येतो की ओ, त्याला गुगल कशाला लागतंय. "टॉवेल होलसेल सोलापूर" टाकलं तर आमचा पत्ताच नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथं पण आपटलो, ते पुढं सांगतो. हे दोन्ही उद्योग करून झाल्यावर जे कळलं ते इथं लिहितोय, ज्यांना पहिल्यांदाच स्वतःची नाहीतर पाहुण्यारावळ्यातल्या कुणाची तरी साइट करायची आहे त्यांच्यासाठी. कोडिंग यायलाच पायजे असं काही नाही, वर्डप्रेस असू दे नाहीतर तयार साइट बिल्डर, मुद्दे तेच लागू होतात.

सुरू करायच्या आधी, गुगल नेमकं काय करतं

गुगलचा एक प्रोग्रॅम असतो, गुगलबॉट. तो एका पेजवर येतो, तिथला मजकूर वाचतो, तिथल्या लिंका टिपून घेतो आणि त्या लिंकांवरून पुढच्या पेजवर जातो. ह्याला क्रॉल म्हणतात. वाचलेलं ठेवण्यासारखं वाटलं तर तो ते आपल्या वहीत उतरवून घेतो, ते झालं इंडेक्स. आणि कुणी काही शोधलं की वहीतली पेजेस काढून क्रमानं लावायची, ते रँकिंग. तीन वेगवेगळी कामं आहेत ही. नवीन माणूस "रँक होत नाही, रँक होत नाही" म्हणून बोंबलत असतो आणि बघायला गेलं तर त्याचं पेज अजून क्रॉलच झालेलं नसतं.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात, आपल्याकडं लहान पोराला पण माहिती आहे. वाट ठरलेली असते. गुगलबॉटचं तसंच धरून चाला, वाट असेल तिथंच तो जातो. तुम्ही लई मेहनतीनं पेज बनवलं पण ते मेनूत नाही, दुसऱ्या कुठल्या पेजवरून त्याची लिंक नाही, तर तिकडं कोण जाणार? असल्या पेजला ऑर्फन पेज म्हणतात, आणि प्रत्येक जुन्या साइटवर दोन-चार तरी निघतातच.

दुसरी गोष्ट लिंकांच्या वजनाची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या दोघांनी १९९८ मध्ये जी कल्पना मांडली, पेजरँकची, तिचा गाभा असा की लिंक म्हणजे एक प्रकारचं मत आणि ज्या पेजला स्वतःला जास्त मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. आता गुगल ह्याच्या जोडीला कितीतरी गोष्टी बघतं, पण लिंक अजून मोजली जाते. आणि लोक विसरतात ते हे, की तुमच्याच साइटच्या आतल्या लिंका पण ह्यात येतात. होमपेजवरून कुठल्या पेजला लिंक द्यायची हे तुमच्या हातात आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडायला लागत नाही.

आणि तिसरं, रँकिंग मुख्यतः पेजचं होतं. साइट एकंदर कशी आहे ह्याचा परिणाम होतो, नाही असं नाही, पण रिझल्टमध्ये जे दिसतं ते एक पेज असतं, एका प्रश्नाचं उत्तर म्हणून. हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

पायरी १: कॉम्प्युटर बंद करा, वही घ्या

मी हे सगळ्यात शेवटी केलं, तुम्ही सगळ्यात आधी करा. एका शनिवारी मामांच्या गल्ल्याशेजारी बसलो आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते जसंच्या तसं वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. "आहेराला शंभर चादरी लागतील, काय लावणार?" "लॉजसाठी पांढरे टॉवेल पायजेत, जाड." "ही अस्सल सोलापुरी कशावरून?" "डबलची साइज काय येते?" "बेंगलोरला पार्सल करता का?" "लाल आहे का ह्याच्यात?" संध्याकाळपर्यंत दोन पानं भरली.

आता ह्याचे गठ्ठे करायचे. नियम एकच, विचारणारा माणूस तोच आणि त्याला पायजे ते पण तेच, तर ते एका पेजवर. "आहेराला शंभर चादरी" आणि "चादरीचा होलसेल भाव" हे एकच पेज, कारण दोघांनाही घाऊक भाव, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील आणि किती दिवसांत मिळतील हेच ऐकायचंय. लॉजवाल्याचं पेज वेगळं, त्याला रंगाशी घेणंदेणं नाही, त्याला जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) किती, शंभर धुण्यांनंतर टॉवेल कसा राहतो, लॉजचं नाव विणून मिळेल का हे पायजे. "अस्सल कशावरून" ह्याला एक स्वतंत्र पेज, त्यात सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीची सरकारी नोंदणी, मिळालेलं आहे ते, जेकार्ड विणीची (डिझाइन विणतानाच कापडात येतं ती) ओळख, उलट्या बाजूनं डिझाइन कसं दिसतं त्याचे फोटो. आणि "लाल आहे का" ह्याला पेज नाही. ती चादरीच्या पेजवरची एक ओळ झाली, फार तर एक फोटो.

आमचे अकरा गठ्ठे झाले. म्हणजे अकरा पेजेस. तुमचे पाच होतील नाहीतर पंचवीस होतील, आकड्याला काही अर्थ नाही, गठ्ठे खरे असले पायजेत.

एकच पेज का चालत नाही

पेजला टायटल (गुगलवर दिसणारी मथळ्याची ओळ) एक, यूआरएल (पेजचा पत्ता) एक. त्या एका टायटलमध्ये चादर, टॉवेल, नॅपकिन, पंचा, होलसेल, आहेर सगळं बसवायला गेलं की ते लग्नपत्रिकेतल्या "आपले नम्र" सारखं होतं, नावं पन्नास आणि कुणाचंच वाचलं जात नाही. टॉवेल शोधणाऱ्यासाठी गुगलपुढं दोन पेजेस आहेत समजा, एक पूर्ण टॉवेलवर आणि एक असं की ज्यात मध्ये कुठंतरी टॉवेलवर चार ओळी आहेत, तर ते कुठलं वर लावणार?

ह्यात एक फसवणूक आहे ती लक्षात ठेवा. एकपेजी थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, वर मेनू असतो, "उत्पादने", "आमच्याबद्दल", "संपर्क", आणि क्लिक केलं की पेज सुळकन खाली सरकतं. बघणाऱ्याला वाटतं पाच पेजेस आहेत. पण यूआरएलमध्ये # चिन्हाच्या पुढं जे असतं ते गुगल वेगळं पेज म्हणून धरत नाही. म्हणजे मेनूत पाच नावं, गुगलच्या वहीत एकच पेज. मला हे कळायला वर्ष गेलं.

एकपेजी साइट वाईटच असते असं नाही हां. ज्याचं काम एकच आहे, समजा फक्त कडक भाकरी करून पॅकिंगमध्ये विकतो, त्याला एक चांगलं पेज पुरतं. प्रश्न एकच असेल तर पेज एकच.

आणि चाळीस का चालत नाहीत

हे कळल्यावर मी काय केलं, तर एका आठवड्यात चाळीसच्या वर पेजेस काढली. लाल चादर, हिरवी चादर, निळी चादर, सिंगल लाल, डबल लाल. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, प्रत्येक गावाचं एक पेज, "बार्शीत सोलापुरी चादर मिळवा". मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. पंढरपूरच्या पेजवर पंढरपूरबद्दल एक वाक्य नव्हतं, वारीचं पण नव्हतं, आणि आमची तिथं शाखा सोडा, ओळखीचं दुकान पण नव्हतं. मला वाटलं जितकी जाळी तितके मासे.

महिनाभरानं सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, उघडलं तर बहुतेक पेजेससमोर लिहिलेलं, क्रॉल केलं आहे, सध्या इंडेक्स केलेलं नाही. म्हणजे गुगलबॉट आला, वाचलं, आणि म्हणला राहू दे. जी इंडेक्स झाली त्यांच्यात आपापसात मारामारी, आज लाल चादर वर तर उद्या डबल लाल, आणि दोघीही तिसऱ्या-चौथ्या पानावर. शिवाय गावांची नावं बदलून केलेल्या असल्या पेजेसना गुगलच्या नियमांत डोअरवे म्हणतात आणि ते सरळ स्पॅममध्ये मोडतं. पातळ मजकुरावर गुगलनं मोठा हात फिरवला तो फेब्रुवारी २०११ च्या पांडा अपडेटपासून, आणि मी कित्येक वर्षांनी त्याच खड्ड्यात उडी मारत होतो.

तेव्हापासून माझा स्वतःचा एक नियम आहे, गुगलचा नाही. नवीन पेज काढायच्या आधी फक्त त्याच पेजला लागू होतील अशी पाच वाक्यं लिहून बघायची. जमली तर पेज काढायचं, नाही जमली तर ते दुसऱ्या कुठल्यातरी पेजचा परिच्छेद आहे. लाल चादरीवर पाच वाक्यं लिहून दाखवा बघू.

कधीकधी सॉफ्टवेअरच स्वतःहून पेजेस तयार करतं, रंगाचं बटण दाबलं की यूआरएलच्या मागं शेपूट लागून नवीन पत्ता होतो. त्यासाठी कॅनॉनिकल टॅग (पेजच्या कोडमधली एक खूण) असतो, २००९ पासून आहे, ज्यानं गुगलला सांगता येतं की ही सगळी भावंडं आहेत, मोठं हे, ह्याला धर. गुगल ही सूचना म्हणून घेतं, हुकूम म्हणून नाही, पण बहुतेक वेळा ऐकतं. दुकानासाठीच्या बऱ्याच प्लगइनमध्ये (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) हे आपोआप होतं, एकदा तपासून घ्या.

पायरी २: वाटा आखा

वहीतल्या गठ्ठ्यांचं झाड काढा. वर होम, खाली चादर, टॉवेल, घाऊक, त्यांच्या खाली बाकीचं. आता बघा, होमपेजपासून प्रत्येक पेजला जायला किती क्लिक लागतात. "तीन क्लिकच्या आत" असं सगळे सांगतात, तो काही गुगलचा कायदा नाही, पण अंदाज म्हणून ठीक आहे. ज्या पेजवरून धंदा येणार आहे त्याला होमपेजवरून सरळ लिंक द्या. आमचं लॉजवाल्यांचं पेज आधी "टॉवेल" मध्ये "इतर" मध्ये होतं, म्हणजे दुकानातला सगळ्यात चांगला माल माळ्यावर ठेवल्यासारखं. यूआरएलमध्ये स्लॅश किती आहेत त्यानं फारसं काही होत नाही, क्लिक किती लागतात ते महत्त्वाचं.

लिंक देताना "इथे क्लिक करा" लिहू नका. लिंकचे शब्द हे पुढच्या पेजची ओळख असतात, वाचणाऱ्याला आणि गुगलला पण. "टॉवेलचं जीएसएम कसं ठरवायचं" ह्याच शब्दांवर लिंक द्या. आणि ही लिंक मजकुराच्या ओघात, जिथं माणसाला तो प्रश्न पडेल तिथं द्या. फूटरमध्ये, म्हणजे पेजच्या तळाच्या पट्टीत, साठ लिंका कोंबून ठेवण्यापेक्षा मधल्या चार बऱ्या.

अजून एक, लिंक ही खरी लिंक पायजे. काही थीममध्ये चित्रावर क्लिक केलं की जावास्क्रिप्टनं पेज उघडतं पण आत लिंकचा टॅगच नसतो. माणूस पोहोचतो, गुगलबॉट नाही, तो बटणं दाबत बसत नाही. तपासायचं कसं, तर त्या चित्रावर राइट क्लिक करा, "नवीन टॅबमध्ये लिंक उघडा" असं आलं तर लिंक आहे. "आणखी दाखवा" बटणाखाली लपलेल्या मालाचं पण हेच, क्लिक केल्याशिवाय जे लोडच होत नाही ते गुगलसाठी नाहीच. पण नुसता मिटवून ठेवलेला मजकूर, प्रश्नावर टिचकी मारली की उत्तर उघडतं तसला, तो पेजच्या कोडमध्ये आधीपासून असेल तर वाचला जातो, त्याची काळजी नको.

पायरी ३: यूआरएल, एकदाच आणि विचार करून

लहान ठेवा, वाचता येईल असं ठेवा, शब्दांच्या मध्ये हायफन, अंडरस्कोर नको. मराठी अक्षरांत यूआरएल ठेवावं का असं सगळे विचारतात. गुगलला चालतं. पण कॉपी केलं की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी टक्क्याच्या चिन्हांत बदलते, एकेकाचे नऊ-नऊ कॅरेक्टर. "चादर" चे ३६ होतात आणि "सोलापुरी-चादर" चे, मी मोजलेत, १०९. व्हॉट्सअॅपवर ते मामांनी एका व्यापाऱ्याला पाठवलं तर त्यानं फोन करून विचारलं, "हे काय व्हायरस-बियरस आहे काय?" तेव्हापासून मी यूआरएल इंग्रजी अक्षरांत ठेवतो आणि बाकी सगळं मराठीत.

आणि एकदा ठेवलं की बदलू नका. एका दिवाळीच्या तोंडावर मला नवीन थीम टाकायची हुक्की आली, त्याबरोबर पेजेसचे पत्ते पण "नीट" करून टाकले, आणि जुने पत्ते तसेच मेले. रिझल्टमधून येणारा प्रत्येक माणूस ४०४ वर, म्हणजे "पेज सापडत नाही" वर, आपटत होता, ऐन सीझनमध्ये. बदलायचंच असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच्याच जागी आलेल्या नवीन पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे दुकान हलवल्यावर जुन्या शटरवर पाटी लावतो तसं. सगळे जुने पत्ते उचलून होमपेजवर नेऊन सोडायचे नाहीत, तसं केलं तर गुगल ते सापडलंच नाही असं धरू शकतं. चाळीसची अकरा करताना मी एक तक्ता केला, डावीकडं जुना पत्ता, उजवीकडं नवा, तासाभराचं काम, आणि तेव्हा काही पडझड झाली नाही.

पायरी ४: पेजच्या आतली मांडणी

टायटल प्रत्येक पेजचं वेगळं. "होम" हे टायटल नाही. "हॉटेल-लॉजसाठी पांढरे टॉवेल, घाऊक भावात, सोलापूर" हे टायटल आहे. गुगलला तुमचं टायटल पटलं नाही तर ते पेजवरच्या हेडिंगमधून स्वतःच उचलून वेगळं दाखवतं, म्हणून हेडिंग आणि टायटल एकमेकांना धरून असू द्या.

मोठं हेडिंग, ज्याला एच-वन म्हणतात, एक पुरे. दोन झाले तर गुगल काही दंड करत नाही, त्यावरून लोक उगाच भांडतात. उपहेडिंग मात्र खरोखर उपविषयाला द्या, अक्षर मोठं दिसायला पायजे म्हणून हेडिंग करू नका. मी आधी फोन नंबरला एच-वन दिलेला होता, म्हणजे पेज कशाबद्दल आहे तर दहा आकड्यांबद्दल.

माणूस ज्यासाठी आला ते वर ठेवा. घाऊकच्या पेजवर आधी भाव कसा ठरतो, कमीत कमी किती नग, किती दिवस, आणि मग बाकीचं. आजोबांनी पहिला माग कधी टाकला ते "आमच्याबद्दल" मध्ये. मामांना हे पटवायला दोन चहा आणि एक प्लेट भजी लागली.

कीवर्डचा मेटा टॅग भरून देतो म्हणून अजून पैसे घेणारे लोक आहेत. गुगलनं २००९ मध्येच सांगितलंय की रँकिंगसाठी आम्ही तो बघत नाही. मेटा डिस्क्रिप्शननं पण रँक वाढत नाही, पण रिझल्टमध्ये टायटलखाली बऱ्याचदा तोच मजकूर दिसतो, तेव्हा दोन ओळी नीट लिहा, माणसाला क्लिक करावंसं वाटलं पायजे.

मराठी साइटवाल्यांनी हे तर वाचाच

आपल्याकडं प्रत्येक दुकानदाराकडं एक पत्रक असतं, डीटीपीवाल्यानं कोरलमध्ये केलेलं. साइट करायची म्हणलं की तेच पत्रक जेपीजी करून चिकटवतात. दिसतं छान, पण मजकूर म्हणून पेजवर एक अक्षर नाही. फोटोतल्या अक्षरांच्या भरवशावर राहू नका, भाव, साइज, पत्ता सगळं टाइप करा, आणि फोटोला ऑल्ट मजकूर द्या, फोटोत काय आहे ते साध्या शब्दांत, "पांढरा टेरी टॉवेल, निळी किनार" एवढंच.

दुसरं ह्याहून वाईट. डीटीपीच्या फाइलमधला मराठी मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमधला असतो, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेला. त्यात आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. साइटवर तो फॉन्ट चढवला तर स्क्रीनवर मराठी दिसतं आणि गुगलला दिसतो कचरा. ओळखायची युक्ती सोपी आहे, पेजवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये स्वतःलाच पाठवा. मराठी राहिली तर युनिकोड, चिन्हांचा चिवडा झाला तर सगळं कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर हातानं तपासा, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात. आमच्या साइटवर "सोलापूर" हा शब्दच मुळात नव्हता ओ, दिसत होता फक्त.

लोक चादर पण लिहितात, चद्दर पण लिहितात. दोघांची दोन पेजेस काढू नका, एकाच पेजवर बोलण्याच्या ओघात दोन्ही शब्द येऊ द्या. भाषा वेगळी असेल तर मात्र पेज वेगळं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं चालतं, पण एका पेजवर चार भाषांची मिसळ केली की ते नेमकं कुणासाठी ते कळत नाही. मराठीचं पेज एका पत्त्यावर, हिंदीचं दुसऱ्या पत्त्यावर, आणि दोघांना एचरेफलँगनं, म्हणजे कुठलं पेज कुठल्या भाषेचं ते गुगलला सांगणाऱ्या टॅगनं, जोडून द्या. कोपऱ्यात भाषांतराचं बटण असतं, त्यानं नुसती स्क्रीनवरची अक्षरं बदलत असतील आणि पत्ता तोच राहत असेल तर रँकिंगला त्याचा उपयोग नाही.

पायरी ५: मोबाइलवर उघडा

गुगल आता तुमच्या साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं. २०१६ मध्ये जाहीर केलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. म्हणजे लॅपटॉपवर साइजचा तक्ता आहे पण "मोबाइलवर गर्दी नको" म्हणून तिथून काढलाय, तर तो तक्ता गुगलसाठी नाहीच. मी नेमकं हेच केलेलं.

गुगलचे वेगाचे तीन आकडे आहेत, मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, टिचकीला उत्तर २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावं, आणि पेजवरचा मजकूर आपोआप इकडं-तिकडं हलण्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा. ह्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे होमपेजवरचा सरकत्या फोटोंचा स्लायडर. काढून टाका. पाच एमबीचा फोटो चढवू नका. एवढं केलं की पुढं वेगाच्या मागं वेडं होऊ नका, प्रश्नाचं उत्तरच नसलेलं पेज कितीही पळालं तरी वर येत नाही.

पायरी ६: दार उघडं आहे का

माझ्या एका मित्राची शेंगा चटणीची साइट होती, चार महिने गुगलवर शून्य. मांडणी उत्तम, मजकूर चांगला, फोटो बघून तोंडाला पाणी. मी वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये गेलो, रीडिंगमध्ये, तर सर्च इंजिननी ही साइट इंडेक्स करू नये ह्या चौकटीत टिक. साइट बनत असताना लावलेली, काढायची राहिलेली. एक क्लिक. मित्र मला अजून चटणी देतो.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ह्या फाइलशी, गुगलबॉटनं कुठं जायचं नाही ते सांगणाऱ्या, नवीन माणसानं खेळू नये असं माझं मत. तिच्यात पेज अडवलं तर गुगलबॉट ते वाचत नाही एवढंच, बाहेरून लिंक असेल तर पत्ता रिझल्टमध्ये तरी येऊ शकतो. पेज खरंच नको असेल तर नोइंडेक्स टॅग (हे पेज वहीत घेऊ नको असं सांगणारा) लावायचा आणि फाइलमध्ये अडवायचं नाही, कारण अडवलं तर तो टॅग वाचायला बॉट आत येणारच कसा. साइटमॅप एक्सएमएल, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांची फाइल, प्लगइन बनवून देतं, एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपली अकरा मावतीलच. तो सर्च कन्सोलमध्ये एकदा द्या. पण साइटमॅप म्हणजे यादी, वाट नाही, आतल्या लिंका तरीही लागतातच.

पायरी ७: थांबा, आणि मग वाचा

सर्च कन्सोल फुकट आहे. प्रत्येक पेजचा पत्ता वरच्या पट्टीत टाकून बघा, इंडेक्स आहे का, नसेल तर कारण काय. मग किमान काही आठवडे हात लावू नका. रोज टायटल बदलणारे लोक बघितलेत मी, रोपटं उपटून मुळं वाढलीत का बघायचा प्रकार.

आता मी महिन्यातून एकदा कन्सोलमधले लोकांनी शोधलेले शब्द वाचतो, जे आपल्या पेजला लागू नाहीत पण तरी तिथं दिसतायत ते. म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर येऊन काहीतरी मागतंय आणि आपल्याकडं त्याचा कप्पा नाही. गेल्या वेळी "सोलापुरी चादर कशी धुवायची" निघालं. पाच वाक्यांचा नियम लावायला मामांना विचारलं, त्यांना एकच वाक्य सुचलं, "लाँड्रीत दे." मग मामींना विचारलं. पहिल्यांदा एकटीच धुवायची कारण रंग सुटतो, गार पाण्यात, ब्रश घासायचा नाही धागा निघतो, पिळायची नाही दोघांनी दोन टोकं धरून झटकायची, आणि वाळत घालताना उलटी बाजू उन्हाकडं. पाच झाली. पेज लिहायला घेतलंय, चादरीच्या पेजवर त्याच्या लिंकची जागा सोडून ठेवली आहे.